बोरकर मॅडमच्या फिशटँकचा करंट

"शामराव, पाण्यात करंट असता तर आधी मासे मेले नसते का?"

बोरकर मॅडमनी प्रश्न मला विचारला, पण पाहत होत्या कांताकडे. कांता त्यांच्याकडे झाडू-पोछा आणि भांडी करते. हातात पोछा घेऊन ती फिशटँकपासून चांगली लांब उभी होती.

"मासे काहून नाही मेले ते मले माहीत नाही," ती म्हणाली. "माह्या हाताले झटका बसला, एवढं माहीत आहे. लाइट उचलला का लागते. कोपरापर्यंत जाते."

"मला कसं नाही लागत मग?"

"तुम्ही लाइट उचलता कधी?"

मॅडमनी स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. त्या घरातसुद्धा चपला घालतात आणि माशांना दाणे वरच्या वर चमच्यानं टाकतात. काच आतून पुसायचं काम कांताचं. त्यासाठी टाकीवरचा लांब लाइट उचलून बाजूला ठेवावा लागतो, आणि तोही अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून.

आता मॅडमची ओळख करून देतो. मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या. हुडकेश्वरला त्यांचं घर बांधलं तेव्हापासून त्या घराची वायरिंग माझी. भिंतीत पाइप टाकण्यापासून मीटरपर्यंत. अर्थिंगचा खड्डासुद्धा मी स्वतः उभा राहून खोदून घेतला आणि त्यात कोळसा अन् मीठ माझ्या हातानं भरलं. अर्थिंग म्हणजे चुकून बाहेर आलेल्या करंटला जमिनीत जायची वाट. ही वाट चांगली असली की करंट माणसाच्या अंगातून जात नाही. त्या घरात साधा बल्ब गेला तरी मला फोन यायचा.

आणि आता झटका बसतो म्हणून फोन गेला तो आधी ठवकरला. तो येऊन पाहून गेला, त्याला काही सापडलं नाही, मग माझी आठवण झाली.

"ठवकरजी म्हणाले सगळं ठीक आहे," मॅडम म्हणाल्या.

ठवकरजी. मी त्या घरात इतकी वर्षं शामराव. मला 'जी' कधी लागलं नाही.

प्रशांत ठवकर चाळिशीतला माणूस. आयटीआय केलेला. मोटरसायकलच्या मागे पेटी, पेटीत कप्पे, कप्प्यात सामान रांगेनं लावलेलं. बोलणं गोड. मॅडमनी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा नंबर टाकला होता, खाली हात जोडल्याचं चित्र. मी ग्रुपवर नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. कामठीला पावरलूमच्या मोटरी खोलता-जोडता मी हे काम शिकलो. पण मॅडमच्या शेजाऱ्याच्या मोबाइलवर मी तो ग्रुप पूर्ण वर-खाली सरकवून पाहिला. माझं नाव कोणी टाकलेलं नव्हतं.

ठवकरनं उन्हाळ्याच्या सुरुवातीला फिशटँकवरचा जुना लाइट काढून नवा लावला होता. जुना प्लॅस्टिकचा, दोन पिनचा. नवा अॅल्युमिनियमचा, तीन पिनचा, लांब पट्टीसारखा. त्याच्याखाली गोल्डफिश सोन्यासारखे चमकत. दिसायला लाइट चांगलाच होता. म्हणूनच मला तो आवडला नाही.

माशांचं आधी सांगून टाकतो, कारण हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. तारेवर पाखरू बसते, त्याला काही होत नाही. करंटला एकीकडून येऊन दुसरीकडे जायला वाट पाहिजे. माशाच्या चारी बाजूंनी तेच पाणी. तो जमिनीला कुठं टेकत नाही, म्हणून तो निवांत फिरतो. पण आपण पाण्यात हात घातला आणि पाय ओल्या फरशीवर असला तर आपणच वाट होतो. मासे जिवंत आहेत म्हणून पाणी चांगलं, असं कधीच समजू नका.

मॅडमनी हे ऐकून घेतलं. माझं बोलणं त्यांना नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी मी गेटची कडी वाजवल्याबरोबर कूलर बंद केला होता. नागपूरच्या लोकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. नवतपा, म्हणजे मेच्या शेवटचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की आमच्या इकडे दिवसभर कूलर चालतो आणि त्याचा घरघराट एवढा की समोरच्या माणसाला ओरडून बोलावं लागते. म्हणून घरी कोणी आलं की आधी कूलर बंद करायचा. माणूस आला, त्याच्यासाठी आपण थोडा घाम गाळायचा, असा तो मान असतो. मॅडम माझ्यासाठी कूलर बंद करतात हे मला आवडायचं. घामानं बनियन पाठीला चिकटलं तरी आवडायचं.

मी कामाला लागलो. फिशटँक हॉलमध्ये खिडकीच्या बाजूला, लोखंडी स्टँडवर. माशांनाही गारवा मिळावा म्हणून मॅडमनी तो उन्हाळ्यापुरता तिथं आणला होता. टाकीत तीन गोष्टी विजेवर चालणाऱ्या. वरचा लाइट, पाण्यातली फिल्टरची मोटर आणि बुडबुडे सोडणारा हवेचा पंप. तिन्हीच्या वायरी स्टँडमागच्या एका एक्स्टेंशन बोर्डात. त्यात चौथी वायर होती, ती पडद्यामागून खिडकीकडे जायची. ती कूलरची. कूलर बंद होता. बंद वस्तूकडे कोण पाहते?

टेस्टर लावला. टेस्टर म्हणजे आत बारका दिवा असलेला स्क्रूड्रायव्हर, करंट असला की लाल होतो. लाइटच्या पट्टीला लावला, काही नाही. पाण्यात बुडवला, काही नाही. मग माझा टेस्ट लॅम्प काढला. होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढंच ते यंत्र. एक वायर संशयाच्या जागी, दुसरी भिंतीतल्या अर्थला. खरा करंट असला तर बल्ब पेटतो. टेस्टर कधीकधी उगाच घाबरवते, बल्ब उगाच पेटत नाही.

बल्ब पेटला नाही.

"कांता, इकडे ये. उचल लाइट."

"मी नाही उचलत."

"मी उभा आहे ना वं इथं!"

तिनं आधी एक बोट लावलं, मग दोन, मग लाइट उचलला. काही झालं नाही. तिचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"आता नाही लागून राहिलं," ती हळू म्हणाली.

"कोणी आलं की नाही लागत," मॅडम म्हणाल्या. "ठवकरजी आले तेव्हाही नाही लागलं. शामराव, एक विचारू? काच पुसायचा कंटाळा असा करंटसारखा कोपरापर्यंत जातो का हो?"

कांता आत गेली. भांडी जोरात वाजायला लागली.

मला तेव्हा दोन गोष्टी सांगता आल्या असत्या. एक, मला दोष सापडत नाही. दुसरी, कांता खोटं बोलत नसावी. मी तिसरीच सांगितली.

"मॅडम, हा लाइटच हलका आहे. काढून टाका. जुना होता तोवर कोणाले काही झालं होतं का?"

"नाही, हे मात्र खरं."

"मग! ज्यानं लावला त्याले विचारा."

मला वाटलं मॅडम म्हणतील, शामराव, तुम्हीच दुसरा लावून द्या. त्या म्हणाल्या, "बरं, ठवकरजींना पुन्हा बोलावते."

दुसऱ्या दिवशी कांता मला चौकातल्या किराणा दुकानापाशी भेटली. ती आमच्याच वस्तीत राहते, मला काका म्हणते. उजवा हात तिनं पोटाशी धरला होता.

"पुन्हा बसला," ती म्हणाली. "आज तं भल्ला जोरात. मी मागं पडली, स्टूल पडला. मॅडम धावत आल्या. स्टूल तुटला का ते पाहिलं."

"मी पाहिलं तवा काहीच नव्हतं कांता. बल्ब लावून पाहिलं."

"तुमचा बल्ब अन् त्याचं ते काट्याचं घड्याळ, दोन्ही माह्याच वेळेस झोपते." तिला ठवकरचा करंट मोजायचा मीटर म्हणायचा होता. "मॅडम म्हणे, उद्या ठवकरजी शेवटचं पाहतील. त्यांनीही काही नाही म्हटलं तं मी दुसरी बाई पाहते. दोघं मिस्तरी खोटे अन् तूच खरी का, म्हणे."

"मी सांगितलं ना त्याईले, लाइट खराब आहे म्हणून."

"तुम्ही सांगता लाइट खराब. तो सांगते लाइट चांगला. तुम्ही दोघं एकमेकाले खोटं पाडून राहिले काका, झटका मले बसून राहिला."

मी विचारलं, "त्याले चहा देते का मॅडम?"

"कोणाले?"

"ठवकरले."

कांता माझ्याकडे पाहतच राहिली. "पन्हं देते," ती म्हणाली. "काचेच्या ग्लासात. बर्फ टाकून."

मला त्या घरात नेहमी चहा मिळाला. स्टीलच्या कपात.

रात्रभर ते पन्हं डोक्यात राहिलं. सकाळी दुसऱ्या एका घरी पंखा लावायला जायचं होतं. सायकल आपोआप हुडकेश्वरकडे वळली म्हणणं खोटं होईल. मीच वळवली. ठवकर काय करतो, कसा बोलतो, माझ्याबद्दल काय सांगतो, हे मला पाहायचं होतं. बोलावलं नसताना गेटमधून जायची माझी पद्धत नाही. मॅडमच्या घराच्या बाजूला एक रिकामा प्लॉट आहे, तिथून हॉलची खिडकी हाताच्या अंतरावर येते. त्या खिडकीत बाहेरून कूलर बसवलेला आहे, लोखंडी स्टँडवर. मी कूलरच्या आडोशाला उभा राहिलो. माझ्या वयाच्या माणसाला ते शोभत नाही, हे मला तिथं उभं असतानाही माहीत होतं.

कूलर सुरू होता. ओल्या जाळीचे शिंतोडे उडून माझी बाही भिजत होती. कूलर आणि खिडकीची चौकट यांच्यात फट राहते. मॅडमनी ती पुठ्ठ्यानं बुजवली होती, पण पुठ्ठा भिजून एका कोपऱ्यात वाकला होता. तिथून मला फिशटँक दिसत होता आणि कांता दिसत होती. आवाज काहीच येत नव्हता.

कांतानं फरशी पुसून घेतली. मग हाताला फडकं गुंडाळलं आणि लाइट उचलायला गेली. फडकं ओलंच होतं. तिचा हात कोणी ओढल्यासारखा मागे आला. तोंड उघडलेलं दिसलं, ओरडली असेल, ऐकू आलं नाही. ती खाली बसली आणि हात मांडीखाली दाबून धरला.

नाटक करणारी बाई कोणी पाहत असताना करते. तिथं हॉलमध्ये कोणी नव्हतं.

तेवढ्यात पलीकडे मोटरसायकल थांबली, गेटची कडी वाजली. मॅडम आतून लगबगीनं आल्या, एका हातानं केस सारखे केले, दुसऱ्या हातानं बोर्डावरचं कूलरचं बटन दाबलं. माझ्या कानाजवळचा कूलर घरघर करत करत थांबला.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. त्याच्यासाठीही बंद करतात, असं वाटलं. मी समजत होतो तो मान माझा आहे.

आता आतलं सगळं स्वच्छ ऐकू येऊ लागलं.

"या ठवकरजी. किती ऊन हो! आधी पन्हं घ्या."

"राहू द्या मॅडम, आधी काम पाहतो." त्यानं दारात बूट काढले. मीटरच्या तारा सोडल्या. लाइट, पाणी, फिल्टर, पंप, एकेक करून तपासलं. घाई केली नाही. मी कान देऊन ऐकत होतो की कुठं चुकतो. चुकत नव्हता.

"काही नाही येऊन राहिलं मॅडम. ताई, तुम्ही हात लावून पाहा बरं."

"आत्ताच बसला जी झटका!" कांता म्हणाली. "आत्ता, तुम्ही यायच्या आधी! हात अजून झिणझिण करून राहिला."

"लावा ना, मी आहे."

कांताचा आवाज आला, एकदम लहान. "आता नाही."

"झालं," मॅडम म्हणाल्या. "कांता, मला रोजचं नाटक नको. या महिन्याचं काम कर आणि दुसरीकडे पाहा."

मी बाहेर उभा होतो आणि माझा खांदा बंद कूलरला टेकलेला होता. आत्ताच बसला, आता नाही. या दोन्हीच्या मधे त्या हॉलमध्ये काय बदललं? ठवकर आला. पण माणूस आला म्हणून करंट पळून जात नाही. माणूस आला म्हणून कूलर बंद झाला. मी गेलो होतो तेव्हाही बंद झाला होता. कांता रोज येते, पण तिच्यासाठी कूलर कोणी बंद करत नाही.

एवढं कळायला वेळ लागला नाही. पुढचं ठरवायला लागला. आता बोललो तर खिडकीत काय करत होतो हे सांगावं लागणार, आणि तेही ठवकरसमोर. गप्प राहिलो तर ठवकर हात हलवत परत जाणार, त्याला दोष सापडला नाही हे कॉलनीभर होणार. खरं सांगतो, हे मला थोडा वेळ गोड लागलं. मग कांता रडत नाही असं दाखवत नाक ओढते तसा आवाज आला.

मी फटीला तोंड लावून ओरडलो, "मॅडम, कूलर चालू करा!"

आत कोणाच्या तरी हातून ग्लास पडला.

"कोण आहे? कोण आहे तिकडे?"

"मी शामराव. कूलर चालू करा अन् कोणी टाकीले हात नका लावू!"

"शामराव? तुम्ही खिडकीत काय करून राहिले?"

"कूलर पाहून राहिलो!"

याहून चांगलं काही सुचलं नाही. मी वळसा घालून गेटमधून आत गेलो. कूलर सुरू झाला होता. ठवकर माझ्याकडे पाहून उठून उभा राहिला. भिजलेली बाही, डोक्याला कूलरच्या जाळीचं गवत, असा मी त्याच्यासमोर. तो हसला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी टेस्ट लॅम्पची एक वायर भिंतीतल्या प्लगच्या अर्थच्या भोकात घातली, दुसरी लाइटच्या पट्टीला टेकवली.

बल्ब पेटला. पिवळा, पण पेटला.

"बंद करा कूलर," मी ओरडलो. मॅडमनी बटन दाबलं. बल्ब विझला.

"चालू."

पेटला.

कांता पुढे आली, बल्बकडे पाहिलं आणि मॅडमकडे पाहिलं.

आता कूलरचा करंट फिशटँकच्या लाइटात कसा, हे सांगायचं होतं. माझ्या डोक्यात ते जुळत होतं, ओठांपर्यंत आलं होतं. पण मला बोलायच्या आधी शब्द गोळा करावे लागतात. ठवकरनं तोवर बोर्डाचा प्लग काढून हातात घेतला होता. मीटरची एक तार प्लगच्या जाड पिनेला, दुसरी बोर्डाच्या वरच्या भोकात. मीटर वाजला नाही, म्हणजे मधे तार जोडलेलीच नव्हती. त्यानं बोर्डाचे स्क्रू खोलले आणि आत बोट दाखवलं.

"काका, पाहा. दोनच वायरी आहेत."

बोर्डाला वरून तीन तीन भोकं. आत भिंतीकडून आलेली केबल दोन तारांची. तिसरी तार, अर्थची, आलेलीच नव्हती. चारही जागांची अर्थची भोकं आतून एका पितळी पट्टीनं एकमेकांना जोडलेली, आणि ती पट्टी कुठंच जात नव्हती.

याचा अर्थ असा. कूलरच्या पंख्याची मोटर ओल्या हवेनं आतून खराब झाली होती. तिचा करंट मोटरीच्या अंगावर आला. कूलर प्लॅस्टिकचा, म्हणून बाहेरून हात लावणाऱ्याला काही कळलं नाही. करंट कूलरच्या अर्थच्या तारेनं बोर्डापर्यंत आला. जमिनीत जायची वाट तिथं तुटलेली. पण पितळी पट्टीवरून नव्या लाइटच्या अर्थच्या तारेत जायची वाट मोकळी होती. तिथून तो अॅल्युमिनियमच्या पट्टीवर येऊन बसला आणि अनवाणी कांताची वाट पाहत राहिला.

मला मनातून वाटलं, हा बोर्ड ठवकरनंच करून दिला असावा. मी विचारलंसुद्धा, "बोर्ड कोणाचा?"

"मीच बर्डीच्या बाजारातून आणला," मॅडम म्हणाल्या. "तीन पिनचा आहे असं दुकानदार म्हणाला."

माझी निराशा झाली.

मग ठवकर जे बोलला ते ऐका. "मॅडम, चूक माझी पण आहे. जुना लाइट दोन पिनचा होता, त्याला अर्थची तारच नव्हती, म्हणून कूलरचा करंट तिथं येत नव्हता. मी तीन पिनचा लावला आणि बोर्ड खोलून पाहिला नाही. शामरावजींनी लाइटवर बोट ठेवलं होतं ते अगदीच खोटं नव्हतं."

वर्गात पहिल्या आलेल्या पोराकडे पाहतात तसं मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. माणसानं चूक कबूल केली आणि तो अजून मोठा झाला. मी दोष पकडला, आणि माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "पण शामराव, बाजूच्या प्लॉटमधून कशाला यायचं? गेट उघडं होतं की."

त्यातही 'शामरावजी' म्हणणारा तोच निघाला.

दुरुस्ती सोपी होती. बोर्ड फेकला. फिशटँकला आणि कूलरला भिंतीतले वेगवेगळे प्लग दिले, दोन्हीला खरं अर्थ. कूलरची मोटर वाइंडिंगला, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायला गेली. फिशटँकच्या वायरी मी प्लगच्या खाली झोल देऊन बांधल्या. वायर टाकीवरून सरळ प्लगमध्ये उतरली तर वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगात शिरते. झोल दिला की थेंब खालच्या वाकात लटकतो आणि तिथून जमिनीवर पडतो. तुमच्या घरी फिशटँक असेल तर आज जाऊन पाहा.

ठवकरनं मेन बोर्डात ईएलसीबी बसवायला सांगितला. ईएलसीबी म्हणजे एक पहारेदार स्विच. घरात जेवढा करंट गेला तेवढाच परत आला का, हे तो सारखं पाहतो. थोडा जरी माणसाच्या अंगातून दुसरीकडे गेला तर तो लगेच सगळं बंद करतो. मला तो आवडत नाही, कारण पावसाळ्यात तो उगाच पडतो, म्हणजे घराची लाइन तोडतो, आणि लोक मला शिव्या देतात. पण तो असता तर पहिल्याच दिवशी पडला असता आणि कांताला कोणी खोटं म्हटलं नसतं. मॅडमनी ते काम ठवकरला दिलं. मी तिथंच उभा होतो.

जाण्याआधी त्यानं मेन बोर्डाजवळ मीटर लावून अर्थिंग मोजलं. पुन्हा मोजलं. म्हणाला, "काका, खड्डा तुम्ही केला होता? इतक्या वर्षांनी एवढं चांगलं अर्थ मी कुठं पाहिलं नाही. आता असं कोणी करत नाही."

त्यानं मनापासून म्हटलं, हे आवाजावरून कळत होतं. मला ते झटक्यासारखं लागलं. माझ्या कामाचं कौतुक मॅडमनी कधी केलं नाही. केलं ते यानं, आणि मॅडमसमोर. आता मी त्याचा राग कशासाठी करायचा? मी म्हटलं, "हो. मीठ दरवर्षी टाकावं लागते," आणि पेचकस पिशवीत टाकला.

मॅडमनी कांताची माफी वगैरे मागितली नाही. एवढंच म्हणाल्या, "उद्या वेळेवर ये."

कांता म्हणाली, "येईन. पण टाकी पुसायच्या आधी मी सगळे प्लग काढणार. अन् कूलरही बंद करणार. तुम्ही घामात बसा तेवढा वेळ."

"बंद कर," मॅडम म्हणाल्या.

गेटबाहेर सायकलचं कुलूप काढत होतो तर कांता मागून आली. "काका, तुम्ही खिडकीत उभे होते म्हणून माहं काम वाचलं."

"हं."

"काहून उभे होते ते मी नाही विचारत."

"नको विचारू."

ती हसली. तिला माहीत होतं. पन्ह्याचं तिनंच सांगितलं होतं.

या धंद्यातल्या लोकांसाठी एकच सांगतो. तक्रार पाहायला गेलात तर घरवाल्यांना आधी म्हणा, मी आलो म्हणून काही बंद करू नका आणि काही चालू करू नका. झटका ज्याला बसतो तो ज्या वेळेला, ज्या पायांनी, जिथं उभा असतो, घर तेव्हा जसं असते तसंच ठेवा. पाहुणा होऊन गेलेल्या मिस्तरीला दोष दिसत नाही. ठवकरलाही आता हे कळलं असेल. मी त्याला समजावून सांगायला गेलो नाही. तो माझ्याकडे आला असता तर सांगितलं असतं, पण चहा त्याला स्टीलच्याच कपात दिला असता.